अंबडला जाऊन घेतलेलं मोजमाप

बाळ गेल्यानंतर पाचव्या आठवड्यात मी कामावर परत गेले. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यातच ते गेलं. डॉक्टरांनी आणखी रजा घ्यायला सांगितलं होतं, सासूबाईही थांब म्हणत होत्या. पण घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे आणि मला तो आवाज नको होता. कारखान्यात यंत्रांची घरघर असते, तिथे कुणाला हळू बोलता येत नाही.

जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या संगणक विभागात मी काम करते. विभाग म्हणजे साहेब धरून आम्ही तिघं. तालुक्यांच्या गावी कंपनीची संकलन केंद्रं आहेत. बीजोत्पादक शेतकरी तिथे पोती आणतात. प्रत्येक पोत्याचं वजन, ओलावा आणि लॉट नंबर अशा तीन नोंदी केंद्रावरच्या संगणकात भरतात आणि त्या कारखान्यातल्या सर्व्हरवर येतात. मी रजेवर असताना ही सगळी जोडणी एन्क्रिप्टेड झाली होती, म्हणजे वाटेत कुणी डोकावलं तरी त्याला काही वाचता येऊ नये अशी. तेव्हापासून अंबडच्या केंद्राची तक्रार होती की नोंदी फार हळू जातात, गाड्या खोळंबतात. साहेबांना एवढंच हवं होतं, की एन्क्रिप्शनमुळे वेग किती कमी होतो ते मी मोजून द्यावं. हलकं काम म्हणून त्यांनी ते मला दिलं होतं.

मी ते माझ्या टेबलावरच केलं. खोट्या नोंदींची एक फाइल बनवली, आधी साध्या जोडणीवरून पाठवली, मग एन्क्रिप्टेड जोडणीवरून. दोन्हींचा वेळ जवळजवळ सारखाच आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सर्व्हर शेजारच्याच खोलीत होता, हे मला माहीत होतं. पण त्याचा अर्थ काय होतो, याचा विचार करायला डोकं जागेवर नव्हतं. मी अर्ध्या पानात लिहिलं की फरक नगण्य आहे, आणि सही केली. त्या दिवसांत मी बऱ्याच कागदांवर सह्या केल्या, दवाखान्यातसुद्धा. सगळ्या सारख्याच वाटायच्या.

त्या अर्ध्या पानाचं पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. एन्क्रिप्शनमुळे उशीर होत नाही, मग माणूसच हळू असणार, असं वर ठरलं. अंबडच्या ऑपरेटरला खुलासा मागणारं पत्र गेलं. त्यांचं उत्तर तांत्रिक अभिप्रायासाठी माझ्याकडे आलं आणि आठवडाभर मी ते उघडलंच नाही. एका दुपारी दुसरं काही करायला नव्हतं म्हणून उघडलं.

वहीची दोन पानं स्कॅन करून पाठवलेली होती. डावीकडे बटण कधी दाबलं ते, उजवीकडे पडद्यावर हिरवी खूण कधी आली ते, सेकंदासकट, भिंतीवरच्या घड्याळावरून लिहिलेलं. खाली एकच वाक्य होतं, ‘माझा हात हळू असेल तर समोर बसून दाखवून द्यावे, मी शिकेन.’

ते वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पण आकडे डोळ्यांसमोरून हलेनात. जवळपास प्रत्येक नोंदीला चार सेकंद. माणसाचा हात हळू असता तर कधी तीन, कधी सात, असं काहीतरी झालं असतं. आणि ही मोजणी तर बटण दाबल्यानंतर सुरू होत होती. बटण दाबल्यावर हाताचं काम संपलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप घेऊन अंबडच्या एसटीत बसले. साहेबांना फोनवरच सांगितलं. प्रवास झेपेल का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

केंद्र गावाबाहेर होतं, पत्र्याच्या शेडमध्ये. ऑपरेटर पंचावन्नच्या आसपासचे होते, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. मी कारखान्यातून आले म्हटल्यावर त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली आणि आपण उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसायला निघाले. मी त्यांना खुर्चीवरच बसवलं आणि नेहमीसारखं काम करायला सांगितलं. अर्धा तास नुसती बघत राहिले. ते कळांकडे न बघता टाइप करत होते, माझ्याहून जलद. बटण दाबायचे आणि हात मांडीवर ठेवून थांबायचे. हमाल दुसरं पोतं काट्यावर ठेवायचे आणि तेही थांबायचे. सिग्नल मध्येच पडला तर तीच नोंद पुन्हा पहिल्यापासून.

बाकीच्या केंद्रांवर केबलचं इंटरनेट होतं, इथे सिमकार्डावरचं. मी माझा लॅपटॉप त्याच सिमवर जोडला आणि तीच फाइल पाठवली, एकदा साधी, एकदा एन्क्रिप्टेड, आलटूनपालटून, म्हणजे नेटवर्क मध्येच बिघडलं तरी दोन्हींना सारखंच सोसावं लागेल. गर्दी नसताना मोजलं, दुपारी गर्दीत मोजलं. इथून सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायलाच निरोपाला सेकंदभर लागत होता. साध्या जोडणीत दोन हेलपाटे होत, एक जोडणी करायला, एक नोंद द्यायला. एन्क्रिप्शन आल्यापासून मध्ये आणखी दोन वाढले होते. समोरचा सर्व्हर खरा आहे का ते तपासायचं, कुलपाची किल्ली ठरवायची आणि मगच नोंद पाठवायची. दोनाचे चार सेकंद झाले होते. मजकूर कुलूपबंद करायला लागणारा वेळ मोजण्याइतकाही नव्हता, सगळा वेळ त्या ओळखीपाळखीत जात होता. आणि आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक नोंदीसाठी नवी जोडणी करून ही ओळख पहिल्यापासून करून घेत होतं. एका पोत्याला तीन वेळा. माझ्या टेबलावर हेलपाटा इतका लहान होता की चार झाले काय नि दोन झाले काय, काही दिसलंच नसतं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना हे सगळं कागदावर रेघा काढून समजावलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

“म्हंजे मॅडम, मी हळू न्हाई?”

“नाही काका. तुम्ही हळू नाही. तुम्हाला आलेल्या पत्रामागे जो कागद होता तो मीच लिहिला होता. इथे न येता लिहिला.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. रागावतील असं मला वाटलं, आणि रागावले असते तरी चाललं असतं. ते म्हणाले, “घरी बायकोला सांगितलंच न्हाई पत्राचं. तीस वर्षं झाली नोकरीला.” मग बोलायचं म्हणून विचारावं तसं त्यांनी विचारलं, “तुम्हाला लेकरं किती?”

हा प्रश्न मला त्या दिवसांत कुणी विचारत नव्हतं. ओळखीच्यांना माहीत होतं.

“एक झाल्तं. राह्यलं न्हाई,” मी म्हणाले. मी घरात अशी बोलते, ऑफिसात नाही. “दोन महिने होत आले.”

हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते. बोलल्यावर काही झालं नाही. पंखा फिरत होता, बाहेर ट्रॅक्टर मागे येत होता.

ते म्हणाले, “आमचं पहिलं बी असंच गेल्तं. बायको अजून त्या दिवशी सैपाक करत न्हाई. मी करतो. कोणी विचारत न्हाई, अन् आम्ही बी सांगत न्हाई.” एवढं बोलून ते हात धुवायला गेले. परत आले आणि पुढच्या पोत्याची नोंद सुरू केली.

परतीच्या बसमध्ये मी रडू येतंय का म्हणून वाट पाहिली. आलं नाही. मग मांडीवर लॅपटॉप उघडून अहवाल लिहायला घेतला. पहिल्याच ओळीत लिहिलं की आधीचे आकडे बरोबर होते, पण चुकीच्या जागी घेतले होते. उपाय सोपा होता. सकाळी जोडणी एकदाच करायची आणि दिवसभर उघडी ठेवून सगळ्या नोंदी तिच्यातूनच पाठवायच्या. सॉफ्टवेअरमधला तो बदल मला तीन दिवस लागला. नंतर अंबडची नोंद एका सेकंदात जायला लागली, एन्क्रिप्शन नव्हतं तेव्हापेक्षाही जलद.

साहेब खूश झाले. पत्राचा विषय मी काढला तेव्हा म्हणाले, आता काम सुधारलंय, पत्र बाजूला ठेवू. मी म्हणाले, “सर, पत्र माझ्या कागदावर निघालंय. मागे घेतल्याचं पत्रसुद्धा निघायला पाहिजे.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज हळू झाला, तोच घरातला आवाज. माझ्या तब्येतीचा विचार करून त्यांनी हो म्हटलं, हे मला कळत होतं. मी तो हो घेतला. पत्र त्याच आठवड्यात गेलं.

त्या रविवारी जेवताना मी नवऱ्याला हे सगळं सांगितलं, त्या काकांचं आणि त्यांच्या बायकोचंही. ते लोखंडाच्या री-रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर आहेत, जेवताना फारसं बोलत नाहीत. बाळाविषयी आम्ही दवाखान्यातून आल्यापासून एक शब्द बोललो नव्हतो. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “मी गेल्या मंगळवारी राजूरला गेल्तो. तुला सांगितलं न्हाई.”

“काय मागितलं गणपतीला?”

“काही न्हाई. नुसता बसून आलो.”

मी बरं म्हणाले. त्यांच्या ताटातली भाकरी संपली होती, मी तव्यावरची गरम भाकरी त्यांना वाढली. मग माझं ताट घेऊन त्यांच्या शेजारी बसले.