चारा चोरल्याचा भ्रम

आमच्या गावच्या विकास सोसायटीच्या चेअरमननं मला फसवलं. सोलापूरच्या एका डॉक्टरनं त्या फसवणुकीवर सही केली.

सोसायटीच्या गोदामात मीटिंग होती. मी कमिटीत राखीव जागेवर निवडून आलेला. आमच्या बौद्धवाड्यातला पहिलाच. चेअरमननं खिशातून माझ्या आजाराचा कागद काढला. मूळ इंग्रजी, खाली हेडमास्तरांकडून करून घेतलेलं मराठी. सगळ्यांसमोर वाचला. "स्किझोफ्रेनिया. रुग्णाला आवाज ऐकू येतात. चारा चोरला जात असल्याचा भ्रम." मग चष्मा काढून म्हणाला, "आता ह्याचं बोलणं काय मनावर घ्यायचं? येडं हाय बिचारं."

गोदाम हसलं. माझी जागा त्याच दिवशी गेली.

आवाज येत होते. ते मी लपवत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली. त्यातून उठून बैलांच्या व्यापारात शिरलो. उपरण्याखाली हात घालायचा, बोटं दाबून भाव सांगायचा. तोंड बंद. समोरच्याच्या बोटांवरून मला त्याची गरज कळायची. दहा-बारा वर्षांनी पुन्हा पाऊस गेला. सोसायटीनं जनावरांची छावणी काढली. कडब्याच्या गाड्या छावणीकडे निघायच्या आणि त्यातल्या काही चेअरमनच्या मळ्यात वळायच्या. मी डोळ्यांनी पाहिलं. तोंडावर बोललो.

त्याच महिन्यात मी आजारी पडलो. चार-चार दिवस झोप नाही, आणि थकवाही नाही. एका बाजारात गरज नसताना अकरा बैल घेतले. वैरण नाही, पाणी नाही, आणि अकरा बैल! मग कानात माणसं बोलायला लागली.

चेअरमन स्वतः जीप घेऊन दारात आला. माझ्या बायकोला म्हणाला, "वैनी, भाऊ हाय त्यो माझा. म्या नेतो त्याला सोलापूरला." मी जीपमध्ये बसलो. बाजारात कुणाच्या बापाचं न ऐकणारा मी, गुमान बसलो.

दवाखान्यात खुर्ची त्याला. मी उभा. डॉक्टर त्यालाच विचारत होते.

"संशय घेतो का?"

"लई, सायेब. म्हणतो आमी चारा चोरतो."

डॉक्टरनं लिहिलं आणि कागद त्याच्याच हातात दिला. चोरी होते की नाही, हे मला विचारलं नाही.

माझीही चूक झाली. अकरा बैलांचं मी सांगितलंच नाही. बाजारात आपल्या बैलाची खोड आपण सांगत नसतो. घेणाऱ्यानं ती ओळखायची. डॉक्टरसमोर मी तसाच उभा राहिलो. आवाजांचं कबूल केलं, कारण ते चेअरमनला माहीत होतं. उडालेली झोप, ती खरेदी, अंगात भरलेलं वारं, सगळं दाबून ठेवलं.

इंजेक्शनांनी आवाज थांबले. पण बोटं थरथरायला लागली. उपरण्याखाली हात घातला की समोरचा गालात हसायचा. एक जण म्हणाला, "काय भाऊ, भ्यालास व्हय?" माझं सगळं पोट त्या बोटांवर होतं.

वर्षभरानं बायको माझ्याशी भांडून मला पुण्याला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी मला बसवलं. मलाच विचारलं. या वेळी मी खोड सांगितली, अकरा बैलांसकट. चाऱ्याचंही सांगितलं.

"तुम्ही स्वतः पाहिलं?"

"पाहिलं."

ते म्हणाले, "मला हा उन्माद आणि नैराश्याचा आजार वाटतो. मधल्या काळात माणूस चांगला राहतो."

"मग पहिला डॉक्टर खोटा?"

"निदान बदलतं. माझंही बदलू शकेल."

मी भडकलो. बैलाचं वय दातांवरून ठरतं. एकाच बैलाला आज दोन दाती म्हणायचं, उद्या चार दाती? पण त्यांनी लिहिलेला कागद आम्हा दोघांना मराठीत वाचून दाखवला. गोळ्या बदलल्या. थरथर कमी झाली. गेली नाही.

तो कागद घेऊन मी सोसायटीच्या बैठकीत गेलो आणि माझी जागा मागितली. बायको बरोबर होती. चेअरमननं दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. "दोन डॉक्टर, दोन रोग. म्हंजी रोगच न्हाय. ढोंग हाय."

पहिल्या कागदानं मी वेडा. दुसऱ्यानं ढोंगी. खरं बोलणारा मी कुठल्याच कागदानं झालो नाही.

तेव्हा बायको दारातूनच बोलली, "चेअरमनसायेब, पुण्याच्या कागदात आवाज हायती, झोप हाय, बैलं हायती. चाऱ्याचा भ्रम कुठं हाय त्येवढं दावा की."

कुणी हसलं नाही. चेअरमननं चष्मा पुसला.

मी दोन्ही कागद उचलले. ते अजून माझ्याजवळ आहेत. मी आजारी आहे. उद्या तिसरा डॉक्टर तिसरं नाव देईल, तेही ऐकून घेईन, गोळी गिळीन. पण ती एक ओळ मी गिळणार नाही. ती कुणाच्या सांगण्यावरून लिहिली, हे सोलापूरच्या डॉक्टरनं सांगावं आणि स्वतःच्या हातानं खोडावी.

आणि चेअरमन, माझ्या रोगाचं नाव तुम्ही भर सभेत वाचलंत. आता त्याच गोदामात, त्याच माणसांसमोर उभे राहा. उपरण्याखाली नाही, तोंडानं सांगा. कडबा कुठं गेला?