आबारावांनी पाहिलेला सिनेमा

टेंभुर्णीत आबारावांइतकं मेंढरांना ओळखणारा माणूस मी पाहिला नाही. संध्याकाळी कळप कुंपणाच्या वाडग्यात आला की दिवसभर घरी ठेवलेली कोकरं सोडतात. पन्नास-साठ कोकरं एकदम बोंबलत सुटतात आणि आबाराव एकेकाला उचलून बराबर त्याच्या आईखाली लावतात. "तोंड पाह्यचं, गुरुजी," ते मला सांगायचे. "लेकरू मायच्या तोंडावर जातं." छत्तीस वर्षं मास्तरकी करूनही हजेरी उघडल्याशिवाय मला पोरांची नावं आठवत नसत. त्यामुळे मला त्यांचा थोडा हेवाच वाटे.

अशा माणसाला स्वतःचं लेकरू ओळखता आलं नाही.

अंगद त्यांचा एकुलता एक. माझ्याच शाळेत होता. प्रार्थनेला तो मुलींच्या रांगेत जाऊन उभा राहायचा आणि मी त्याला छडी दाखवून मुलांच्या रांगेत आणायचो. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. गाव हसायचं, आबाराव मारायचे. सतराव्या वर्षी तो पुण्याला निघून गेला आणि तिथं प्रांजली झाली. 'झाली' म्हणायला मला सात वर्षं लागली, तेव्हा दुसऱ्याला काय बोलणार?

चार वर्षांपूर्वी तिची आई, गोपिकाबाई, वारली. दहाव्याला प्रांजली आली होती. साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन स्टँडवर उतरली. समोरून आबाराव विधीचं सामान घेऊन लगबगीनं आले आणि तिलाच म्हणाले, "बाई, जरा सरका." ती सरकली आणि पुढच्या गाडीनं परत गेली. नंतर मला फोनवर म्हणाली, "वळखून न वळखल्यावानी केलं त्यांनी." मी आबारावांना हे सांगितलं तर ते मलाच विचारू लागले, "ती होती का?". त्यांना खरोखर कळलं नव्हतं. तेव्हापासून त्यांचा एकच धोशा: लेकराला घरी बोलवा. आणि तिचं एकच उत्तर: न्हाई.

मग यंदा तिचा फोन आला. निजामाच्या काळातल्या एका तृतीयपंथी बाईवर सिनेमा निघाला होता. बेगमेच्या महालावर पहारा करणारी ती बाई. महालातल्या दासींच्या घोळक्यात प्रांजलीलाही उभं केलं होतं. "बेगमच्या मागं पंखा धरून हाय मी. आबाला मी सिनेमात हाय एवढंच सांगा, कोणती ते सांगू नका. त्यांनी आपल्या मनानं वळखलं तर मी घरी येते, गुरुजी."

"अगं, बापाची परीक्षा घेतेस का?" मी चिडलो.

"माझ्या किती घेतल्या तुमी सगळ्यांनी," ती म्हणाली. मग मी न सांगण्याची शपथ घेतली.

आबारावांना तिची अट सांगितली आणि गुरुवारी, सिनेमाच्या शेवटच्या दिवशी, आम्ही जालन्याला गेलो. आबारावांनी धुतलेलं धोतर, नवा पटका काढला होता, सोयरीक बघायला निघाल्यासारखा. टॉकीजमध्ये वीस-पंचवीस माणसं. पडद्यावर ती पहारेकरीण आली की मागची दोन टाळकी टाळ्या पिटून खिदळायची. मी उठून त्यांना असं झापलं की डोअरकीपर धावत आला. आबारावांना त्याचं काही नव्हतं. ते पुढं वाकून एकेका दासीचं तोंड पाहत होते. बेगमेचा दरबार आला. मला पंखेवाली लगेच दिसली: रुंद जबडा, बसकं नाक, आबाराव थेट. तेवढ्यात आबारावांनी माझा हात गच्च धरला. "ती! समई घेतलेली! बघा, गोरीपान, नाजूक. तीच."

पुढं नवाबानं त्या पहारेकरणीला हाकलून दिलं, महालाचा दरवाजा लावून घेतला. आबाराव पटक्याच्या टोकानं डोळे पुसत होते आणि मला मात्र त्यांची ओळख चुकल्याचं कसं लपवावं याचीच चिंता होती.

बाहेर येऊन त्यांनीच फोन लावायला लावला. "पोरी, वळखलं बरं का मी तुला! समई हातात घेऊन उभी होतीस!"

पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, "होय आबा. मीच ती."

"मंग कधी येतीस?"

"येईन ना. जेवून घ्या तुमी."

फोन ठेवला. समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. आबाराव कप हातात धरून बसले होते, चहावर साय धरली तरी.

"ती खोटं बोलून राह्यली, गुरुजी."

"कशावरून?"

"ल्हानपणी मी कोकरू विकून आलो की तिला इचारायचो, वाईट वाटलं का रं? तवा लेकरू असंच थांबून न्हाई म्हणायचं. मला बरं वाटावं म्हणून." त्यांनी कप खाली ठेवला. "कोण होती ती? सांगा आता."

मी शपथ मोडली. "बेगमेच्या मागं. पंखा धरलेली."

"तिकडं तर मी पाह्यलंच न्हाई." त्यांनी टॉकीजकडं पाहिलं. "परत दावतेत का?"

"आज शेवटचा होता, आबाराव."

"कशी दिसती?"

"तुमच्यासारखी. नाक, जबडा, सगळं तुमचं."

त्यांनी स्वतःच्या नाकावरून हळूच हात फिरवला.

"बाई झाली म्हणल्यावर मला वाटलं, मायसारखीच दिसंल," ते म्हणाले. "मी आपलं तितक्या बायात तिच्या मायलाच हुडकत बसलो."