विहिरीच्या तळाची लादी

सासऱ्यांची एक गोष्ट आमच्याकडे जेवणाच्या ताटाबरोबर वाढली जायची. काशीदच्या अलीकडे आमचं गाव. घरामागे नारळाची वाडी, वाडीपलीकडे समुद्र. दोन खोल्या पर्यटकांना देतो आणि स्वयंपाक मी बघते. पाहुण्यांनी सुरमईचा पहिला घास घेतला की सासरे खुर्ची ओढून बसायचे आणि विचारायचे, किनाऱ्यावरची करडी लादी पाहिलीत का?

ओहोटीला ती उघडी पडते. आमच्या वाडीच्या कडेपासून समुद्रात उतरत गेलेला सपाट, खरखरीत दगड. चिकीत शेंगदाणे चिकटावेत तसे वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे त्यात चिकटलेले. बाकी किनाऱ्याला सगळा काळा कातळ, आणि मध्येच हा, कुणीतरी ओतल्यासारखा. सासऱ्यांच्या गोष्टीत तो खरंच ओतलेला होता. त्यांचे वडील शाळेत जायचे तेव्हा सिमेंटच्या गोणी भरलेलं एक गलबत इथे फुटलं म्हणे, आणि सिमेंट वाळूसकट गोठलं. सगळं गाव हेच सांगायचं, पण सासऱ्यांसारखं कुणी सांगायचं नाही. वादळ, खलाशांची आरडाओरड, सगळं यायचं त्यात.

एकदा मी विचारलं, एवढ्या लांबरुंद लादीला एकच गलबत कसं पुरलं? सासरे पाहुण्यांकडे बघून हसले. "आमची सून वरची, भातातली. तिला दर्याचं काय कळतं?"

मी रोह्याकडची, भातशेतीच्या गावातली. हे वाक्य लग्नापासून ऐकत आलेली, आणि दर वेळी मला ते झोंबायचं. मी सोलकढी वाढायला घ्यायची.

मग गेल्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीची नोटीस लागली. किनारा स्वच्छ करून पर्यटकांच्या बोटींना जागा करायची होती, आणि त्यासाठी 'समुद्रात पडलेलं जुनं सिमेंट' जेसीबीने फोडून उचलायचं होतं; ग्रामसभेत तसा ठराव व्हायचा होता. दगड नैसर्गिक असता तर परवानग्या लागल्या असत्या. राडारोड्याला कोण विचारतो? आणि तो राडारोडा आहे याला पुरावा काय, तर गावातली जुनी माणसं तसं सांगतात. जुनी माणसं म्हणजे कोण, हे वेगळं सांगायला नको.

लादी जिथे संपते तिथून पुढची सुरूची झाडं समुद्राने एकेक करून पाडली होती, मुळं आभाळाकडे करून पडलेली. आमची वाडी उभी होती ती लादीच्या आडोशाला. लादी गेली तर वाडी जाणार, वाडीतली गोड पाण्याची विहीर खारी होणार. सासऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. पण जन्मभर सांगितलेली गोष्ट गिळायची कशी?

त्याच आठवड्यात विहिरीचा गाळ काढायचा होता. दर वैशाखात काढतो. ठरलेला गडी आला नाही, नवरा पनवेलला कामावर, आणि मी आधीच चिडलेली. मोटर लावून पाणी उपसलं, पदर खोचला आणि शिडीने खाली उतरले. सासरे वरून ओरडत होते की बायकामाणसाने विहिरीत उतरू नये. मी ऐकलं नाही.

तळाचा गाळ पाटीत भरला, दोरीने वर पाठवला. मग भिंतीचं शेवाळ काथ्याने घासायला घेतलं आणि हात थांबला. चिऱ्यातून एक तिसरी, खायची शिंपली, बाहेर डोकावत होती. रोज सकाळी मी तिसऱ्या निवडते, मला ती अंधारातही ओळखू आली असती. शेजारी आणखी दोन, मध्ये वाळू. सगळी भिंत लादीच्याच दगडाची होती. पायाखाली घासलं तर तिथे सांधाच नव्हता. तळ म्हणजे अख्खी, न तोडलेली लादी. समुद्रातून निघून ती वाडीखालून आमच्या विहिरीपर्यंत आली होती.

मी खालूनच विचारलं, "मामा, ही विहीर कुणी खणली?"

"माझ्या आज्यानं, माझा बाप जन्मायच्या आधी. कितीदा सांगू?"

"आणि गलबत फुटलं ते तुमच्या वडिलांच्या शाळेच्या वेळी. विहीर तर त्यांच्या जन्माआधीची ना?"

मी वर आले तेव्हा ते निघून गेले होते.

दोन दिवस ते पाहुण्यांसमोर बसले नाहीत. जेवण निम्मं टाकायचे. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण लाज वाटत होती. त्या गोष्टीशिवाय त्यांना मी कधी बघितलंच नव्हतं. ग्रामसभेच्या सकाळी म्हटलं, तुम्ही घरीच राहा, मी बोलते. त्यांनी धुतलेली टोपी घातली आणि माझ्या पुढे चालू लागले.

सभेत सरपंचांनी त्यांनाच उभं केलं. म्हणाले, गलबताची हकीगत सगळ्यांना सांगा म्हणजे नोंद होईल. लोक ऐकायला सरसावून बसले.

सासऱ्यांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "गलबत न्हाय. मी आजवर सांगितलं ते खोटं हाय. दगड माझ्या आज्याच्या विहिरीत हाय, सिमिट गावात यायच्या आधीचा. ज्याला पटत न्हाय त्यानं चलावं आणि बघावं."

सगळी सभा उठून आमच्या वाडीत आली. पुन्हा मोटर लावली. सरपंच स्वतः शिडीने उतरले आणि पांढऱ्या पँटला शेवाळ लावून वर आले. म्हणाले, खाली लादीच आहे. ठराव तिथेच, विहिरीच्या कठड्याशी बारगळला. मी इतकी मोठ्याने हसले की बायका बघायला लागल्या, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

पुढे अलिबागच्या कॉलेजातले एक सर येऊन बघून गेले. शिंपल्यांचा चुना पाण्यात विरतो, पुन्हा गोठतो आणि वाळूला धरून ठेवतो, असं म्हणाले. मग लादी इथेच का गोठली, पलीकडे का नाही? ते त्यांनाही नीट सांगता येईना. एवढं कोडं राहिलं तर राहू दे. लादी जागेवर आहे.

सासरे पुन्हा खुर्ची ओढून बसतात. नवी गोष्ट जुनीपेक्षा लांब आहे, पाहुण्यांची सुरमई गार होते. गलबत गेलं, पण आरडाओरड तेवढीच आहे. ती आता ग्रामसभेत होते. शेवटी ते सगळ्यांना उठवून विहिरीपाशी नेतात, बॅटरीचा झोत पाण्यावर टाकतात आणि म्हणतात, "हितं माझी सून उतरली. भातातली हाय, पण दर्याचं आमच्यापेक्षा तिला जास्त कळतं."