आम्ही धरलेले गुरुवार

दादांना पोलीस न्यायला आले तेव्हा ते दारात बसून दाढी करत होते. अर्धी झाली होती. "उरलेली करू द्या," म्हणाले, तर जमादार म्हणाला, "तिकडं वेळच वेळ आहे." हे मला वहिनींनी सांगितलं. मी तेव्हा पहिल्या शिफ्टला होतो, आणि आज लिहायला हरकत नाही, मी घरी नव्हतो ते बरं झालं असंच मला त्या दिवशी वाटलं. मी मुळातला भित्रा माणूस.

दादा आमच्या कंपनीत मिलिंग मशीनवर होते आणि युनियनचं काम करायचे. मी उदगीरकडचा. सहावीत शाळा सुटली, लग्न झालं, मुलगी झाली, आणि गावात काही भागेना म्हणून एक वळकटी घेऊन इकडे आलो. ओळख कुणाची नाही. आकुर्डीच्या एका कंपनीच्या गेटवर रोज सकाळी जाऊन उभा राहायचो. तिथे दादांनी मला हटकलं, "जेवलास का?" एवढंच विचारलं. रहाटणीत त्यांच्या खोलीला लागून एक खोली रिकामी होती, ती मिळवून दिली. पहिले दीड महिने मी वहिनींच्या हातचं जेवलो. ड्रिलिंगवर टेंपररी म्हणून चिकटवलं तेही दादांनीच. अशा माणसाचं देणं फिटत नसतं.

आणीबाणीचा काळ होता. मिसा नावाच्या कायद्याखाली माणसाला आत टाकायचे. आरोप सांगायचा नाही, कोर्टापुढे उभं करायचं नाही, कधी सोडणार ते तर नाहीच. खून केलेल्याला निदान तारीख पडते. दादांना तारीखसुद्धा नव्हती. पाच महिने होत आले तरी वहिनी शेजारणींना "येतील" एवढंच सांगायच्या.

एका रविवारी त्या तुरुंगातली भेट उरकून आल्या. मी त्यांच्याकडे बसलो होतो. आमच्या कंपनीतले आणखी दोघे होते. एक चाचा, लेथवरचे टर्नर, दादांचे जुने मित्र. दुसरे आबा, रहाटणीच्याच शेतकरी घरातले, फिटर. वहिनींनी सांगितलं की आतल्या लोकांनी दर गुरुवारी जेवण सोडलं आहे. आरोप सांगा नाहीतर सोडा, एवढंच त्यांचं म्हणणं. पेपरात यातलं अक्षर येत नव्हतं. येणारही नव्हतं.

"म्हणजे ते उपाशी राहणार आणि कुणाला पत्ताच नाही," वहिनी म्हणाल्या.

चाचा म्हणाले, "आपल्याला पत्ता लागला ना? आपण पण गुरुवारी जेवायचं नाही. कॅन्टीनमध्ये जायचं, जागेवर बसायचं आणि ताट पालथं घालायचं. सगळ्यांसमोर."

"आणि इचारलं तर? दादांसाठी म्हनलास की सांजच्याला तूबी त्यांच्या शेजारी," आबा म्हणाले. मग त्यांनीच मांडी चोळत तोड काढली. "उपास म्हनायचं. गुरुवार दत्ताचा वार हाय. उपासाला कोन आडवतंय?"

"आणि मी? मी पण दत्ताचा?" चाचांनी विचारलं.

सगळे हसले. वहिनीसुद्धा हसल्या. किती दिवसांनी हसल्या असतील कोण जाणे.

चाचा म्हणाले, "हसू नका. आमच्यात सोमवार-गुरुवार नफिल रोजा ठेवतात. सक्तीचा नाही, पुण्याचा. माझी अम्मी ठेवायची. दादाने वार बरोबर निवडला."

मी मनात महिने मोजत होतो. माझा टेंपररीचा सातवा महिना चालू होता. फोरमनसाहेबांनी माझं नाव पर्मनंटसाठी वर पाठवलं होतं. भला माणूस. स्वतःहून म्हणाले होते, "हात चांगला आहे तुझा. पुढच्या महिनाअखेर यादी लागेल, तोवर सरळ वाग." पर्मनंट झालो की बायको-मुलीला इकडे आणायचं ठरलं होतं. मुलगी चालायला लागली होती आणि मी तिला चालताना पाहिलं नव्हतं. हे सगळं डोक्यात घोळत होतं. पण उपासच तर करायचा होता. उपासाला कोण अडवतंय?

पहिल्या गुरुवारी आम्ही नऊ जण होतो. साडेअकराची घंटा झाली, जागेवर जाऊन बसलो, ताटं पालथी घातली. समोरचे भात कालवत होते आणि आम्ही हात मांडीवर ठेवून बसलो होतो. बाहेर झाडाखाली बसलो असतो तर सोपं गेलं असतं, पण चाचांचा हट्ट, की दिसायला पाहिजे. दुसऱ्या गुरुवारी वीस झालो. चौथ्या गुरुवारी दोन टेबलं भरून पालथी ताटं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. का बसलेत ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि तोंडाने सगळे दत्ताचं नाव घेत होते.

फोरमनसाहेब टेबलापाशी थांबले. "काय आबा, एवढे भाविक कधीपासून झालात?"

"पोरीच्या लग्नासाठी धरलंय साहेब."

"तुमच्या पोरीचं लग्न झालं की मागच्या वर्षी. मी जेवून गेलोय."

"मग आता नातू नगं व्हय?"

साहेब हसत निघून गेले. पण जाताना माझ्याकडे पाहून हसले नाहीत.

पुढच्या भेटीत वहिनींनी दादांना बातमी पोचवली. मध्ये शिपाई बसलेला असायचा, म्हणून त्या सहज बोलावं तसं बोलल्या, "आपल्या कंपनीतले सगळे हल्ली गुरुवार करतात." दादा देव न मानणारा माणूस. आधी गोंधळले. मग त्यांना कळलं, आणि शिपायाने "काय झालं हसायला?" असं दरडावेपर्यंत ते हसत राहिले. हे वहिनींनी आम्हाला तीन वेळा सांगितलं, आणि तीनही वेळा आम्ही पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

पाचव्या गुरुवारी कॅन्टीनच्या दारातच जिऱ्या-मिरचीचा वास आला. फळ्यावर खडूने लिहिलं होतं: उपवासाच्या कामगारांसाठी साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी.

मी पायरीवर थबकलो. आम्ही सगळी उपासातच वाढलेली माणसं. उपास म्हणजे दुप्पट खाणं, यावर आम्हीच घरी विनोद करायचो. आणि एवढी डोकी एकत्र बसली, बेत केला, पण खिचडी कुणाच्या ध्यानात आली नाही! कुणी म्हणालं, पर्सोनेलच्या, म्हणजे कामगारांची भरती-हजेरी बघणाऱ्या खात्याच्या, साहेबाने ओळखलं आणि पेच टाकला. कुणी म्हणालं, कॅन्टीनवाल्याला खरंच आमची दया आली. मला ते आजही माहीत नाही. पण पर्सोनेलचा साहेब वही घेऊन उभा होता हे मी पाहिलं. खिचडी खाल्ली की आमचा गुरुवार संपला. नाही खाल्ली, तर हा उपास कसला ते उघड झालं.

आम्ही बसलो. साहेबाने आधी चाचांना गाठलं.

"चाचा, तुमचा पण दत्त?"

"रोजा आहे साहेब. सूर्य बुडेपर्यंत पाणी पण नाही."

"रमजान तर लांब आहे."

"हा माझा आणि अल्लाचा मामला आहे साहेब. रमजानची वाट नाही बघत."

चाचा सुटले. ड्रिलिंगचं टेबल वाढप्याच्या वाटेवर पहिलं, आणि मी टेबलाच्या टोकाला. म्हणजे पातेलं सगळ्यात आधी माझ्याकडेच. मनात आलं, निर्जळी उपास आहे म्हणावं. पण दहाच मिनिटांपूर्वी फोरमनसाहेबांच्या देखत मी नळाखाली ओंजळ धरून पोटभर पाणी प्यायलो होतो.

समोरून आबा ओठ न हलवता म्हणाले, "घे रं. तुजी यादी हाय. तू खाल्लंस तर कुनी काय म्हननार न्हाई तुला."

त्यांनी असं म्हटलं नसतं तर कदाचित मी खाल्लीही असती. पण कुणी काही म्हणणार नाही, हे ऐकलं आणि वाटलं, मग म्हणणार कोण? माझं मलाच म्हणावं लागणार. गावाकडून बायकोला, मुलीला, सगळ्यांना आणून सुखाने जेवायला बसलो असतो आणि तेच म्हणत राहिलो असतो.

वाढप्याने पळी उचलली. "ताट सरळ करा भाऊ."

"मला नको."

पर्सोनेलचा साहेब पुढे आला. "का? उपासाला चालते खिचडी."

"माझ्या उपासाला नाही चालत."

"असा कुठल्या देवाचा उपास आहे?"

मी पालथ्या ताटावर हात दाबून धरला.

"देवाचा नाही साहेब. आमचा एक माणूस आत आहे. सहा महिने झाले. का ठेवलाय ते कुणी सांगत नाही. तो गुरुवारी जेवत नाही, म्हणून मी जेवत नाही."

इतकं मी त्या कंपनीत सात महिन्यांत सलग बोललो नव्हतो. पलीकडच्या टेबलांवरचं कालवणं थांबलं. साहेबाने वहीत लिहिलं आणि वाढप्याला पुढे जायची खूण केली. पातेलं आबांपुढे गेलं. आबांनी ताटावर दोन्ही तळवे पसरले.

"आबा, तुमचं काय? नातवासाठी ना?"

"न्हाई साहेब. त्यो सांगतोय त्येच आमचं."

त्यापुढच्याने "मलापण नको" म्हटलं. त्यापुढच्याने नुसती मान हलवली. दोन टेबलं फिरून पातेलं जसंच्या तसं भरलेलं परत आलं. तेव्हा चाचा जागेवरून उठले आणि मोठ्याने म्हणाले, "साहेब, लिहिताय तर माझंही लिहा. रोजा खरा आहे, पण कारण तेच आहे." सुटलेला माणूस आपणहून परत आला! फोरमनसाहेब खाली बघत होते. वाढप्याला म्हणाले, "उचल ते. सुट्टी संपतेय."

पर्मनंट होते त्यांना मेमो मिळाले. पुढचे आठ दिवस मी रस्त्यात जीप दिसली की दुकानाच्या आत शिरायचो. पोलीस आले नाहीत. महिनाअखेर यादी लागली, तिच्यात माझं नाव नव्हतं, आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. फोरमनसाहेबांनी बाजूला घेतलं.

"अरे, एक घास खाल्ला असतास तर काय झालं असतं?"

"साहेब, तुमचे उपकार आहेत माझ्यावर. मी विसरणार नाही."

"मग?"

"त्यांचे आधीचे आहेत."

त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

वहिनी मात्र रागावल्या. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला तोंड उघडायला, भाऊजी? मी तुमच्या बायकोला काय तोंड दाखवू?" डोळे पुसता पुसता त्यांनी माझ्यापुढे ताट वाढलं. तो शुक्रवार होता, मी पोटभर जेवलो.

बायकोला कळवायचं राहिलं होतं. तोवर माझी पत्रं दुसऱ्यांनी लिहून दिलेली असायची. या वेळी चाचा म्हणाले, "बंद पाकिटातून पाठव, हल्ली टपाल उघडतात." मी पोस्टकार्ड आणलं. गावात ते पोस्टमन चावडीपुढे मोठ्याने वाचणार हे मला माहीत होतं, आणि वाटेत ज्याला वाचायचं असेल तोही वाचणार. वाचू दे. खोलीच्या दारात बसून मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा न करता:

"कंपनीतलं काम गेलं. चोरी केली नाही, मारामारी केली नाही. गुरुवारी जेवलो नाही म्हणून गेलं. भोसरीला एका शेडमध्ये विचारलं आहे, सोमवारी बोलावलंय. तुम्हाला आणायला उशीर होईल, मुलीला सांभाळ. येत्या गुरुवारीसुद्धा मी जेवणार नाही."

खाली पूर्ण सही केली. खोलीचा पत्ता, आळी आणि घरमालकाच्या नावासकट, ठळक घातला आणि उन्हातच पेटीपर्यंत चालत गेलो.