डुमसला गेलो तेव्हा समुद्र घरी नव्हता

सहलीचा शीण निघायच्या आधीच येतो, हे घरातल्या बाईला विचारा. दशम्या लाटून, लसणाची चटणी कुटून, सासूबाईंच्या गोळ्या बांधून मी पहाटेच अर्धी संपले होते. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय. सगळा जन्म तापीकाठी गेला, पण ती जिथे जाऊन मिळते तो समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. “ऑपरेशनना पहिले माले समुद्र दखाड,” एवढंच त्या मुलाला म्हणाल्या. दवाखान्यातून परत येऊ याची त्यांना खात्री नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

आपल्या नंदुरबारकरांना जवळचा समुद्र म्हणजे सुरतेचा डुमस. जवळचा हे आपलं म्हणायला. आमच्या लोणखेड्याहून प्रकाशा, नंदुरबार, विसरवाडी. तिथवर रस्ता कंबरेची परीक्षा घेतो. पुढे महामार्गाने नवापूर, सोनगड, व्यारा सरळ आहे. व्याऱ्याच्या अलीकडे झाडाखाली दशम्या सोडल्या. हॉटेलचा खर्च वाचला म्हणून नवरा खूश. त्याचं काय जातं? सुरतेच्या गर्दीत वेळ जातोच, तो धरून निघा.

दुपारी डुमसला सासूबाईंना दोन्हीकडून धरून वाळूपर्यंत आणलं. समोर नुसता काळा चिखल, पाणी पार लांब. आम्ही हवामान पाहिलं होतं, टायरची हवा पाहिली होती. भरती-ओहोटीही पाहायची असते, हे नदीकाठच्या माणसाला कुठून सुचणार? तापी कधीही जा, जागेवर असते.

“समुद्र कोठे शे?” सासूबाईंनी विचारलं.

“ओट छे, बा. पाणी सांजे आवशे,” तिथली भजीवाली गुजरातीत म्हणाली. ओट म्हणजे ओहोटी.

नवऱ्याला अंधारात गाडी चालवायची भीती. “माय, चाल आते. अंधार व्हई जाई.”

खरं सांगते, मलाही घरच हवं होतं. रडू येत होतं. पण सासूबाई भजीवालीच्या खुर्चीत पक्क्या बसल्या.

“पाहुणा येनार शे, अन् आपुन उठी जावूत?”

मग थांबलोच. टोमॅटोची भजी खाल्ली (तुम्हीही खा, गरम असतानाच), आणि मी चटईवर आडवी झाले. जाग आली ती पायांना गार लागलं म्हणून. सासूबाई खुर्चीतच होत्या. लुगडं पोटऱ्यांपर्यंत वर, पाय पाण्यात, हात जोडलेले. नवरा मागून खुर्ची घट्ट धरून उभा होता.

एका दिवसात हे करू नका, सुरतेला मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी अंग ठणकत असताना मी गाडीतली वाळू झाडत होते. सासूबाई ओट्यावर दवाखान्याची पिशवी स्वतःच भरत होत्या. त्याआधी तिला त्या हात लावत नव्हत्या. शेजारच्या काकूंनी विचारलं, “इतलं चालानं जमनं का तुमले?”

“माले चालनं पडनं नही,” त्या म्हणाल्या. “तोच चालत वना मन्हापाशी.”