राष्ट्रगीतात चाललेली पा चलेम

वांग तकू गावच्या बसथांब्यावर संध्याकाळचे सहा वाजले की कुत्रीसुद्धा थांबतात, असं लोक सांगतात. कुत्र्यांचं काही खरं नाही, ती एरवीही पडलेलीच असतात. पण माणसं थांबतात. खांबावरच्या कर्ण्यातून राष्ट्रगीताचा पहिला सूर निघाला की नूडलचा घास तोंडाशी नेणारी बाई तो वाडग्यात परत सोडून उठते, भांडणारे भांडण अर्ध्यावर ठेवतात आणि गाणं संपलं की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे भांडतात. आणि या सगळ्यांत ताठ कोण, तर तळलेल्या केळ्यांच्या गाडीमागे उभी असलेली पा चलेम.

पा म्हणजे मोठी मावशी. सख्खी भाचरं तिला मोजून तीन, पण सगळा थांबाच तिला पा म्हणतो. बाई अंगाने बुटकी, एक गुडघा कुरकुरणारा, आणि आवाज असा की कर्णा बिघडला तर नगरपालिकेने तिलाच खांबावर बसवावं.

ती शिकली चौथीपर्यंत. पण त्या चार वर्षांत शाळेने तिला एक काम दिलं होतं, झेंड्याची दोरी ओढण्याचं. गाणं सुरू झालं की झेंडा हळूहळू वर चढवायचा आणि शेवटच्या सुराला तो बरोबर टोकाला पोचला पाहिजे. इतर पोरींचा झेंडा कधी आधीच पोचून ताटकळायचा, कधी गाणं संपलं तरी अर्ध्यावर लोंबायचा. चलेमचा कधी चुकला नाही. त्यामुळे आजही राष्ट्रगीत लागलं की तिच्या हातांना दोरी जाणवते. किती गाणं उरलं, हे ती शब्दांवरून नाही, दोरीवरून सांगते.

तिची गाडी उभी असते ती नगरपालिकेच्या मोठ्या फलकाखाली. मध्यंतरी सरकारने चांगल्या नागरिकाची बारा मूल्यं काढली होती. देशावर प्रेम करा, आईबापांचे उपकार विसरू नका, शिस्त पाळा, अशी एकेक. शाळेतली पोरं ती रोज घोकायची, आणि मोठ्यांनी का सुटावं म्हणून थांब्यावरही फलक लागला. पा तिथे केळी तळते, त्यामुळे तेलाच्या धुराने खालची तीन मूल्यं काळीकुट्ट झाली. बारावं तर दिसतच नाही. स्वतःच्या फायद्याआधी सगळ्यांचं हित बघा, असं ते होतं.

"पा, तुम्ही बारावं मूल्य तळून खाल्लंत," असं शेजारची लामाय म्हणते. लामाय मोगऱ्याचे हार विकते आणि दिवसभर हात हारात नि तोंड दुसऱ्याच्या घरात ठेवते.

"मला पाठ आहे ते," पा म्हणते. "ज्यांना पाठ नाही त्यांनी वर बघून वाचावं."

"वर बघून काय दिसतंय? काजळी!"

"मग काजळी वाच."

पाठ असायचं कारण तिची लेक. विलावन तिचं कागदावरचं नाव, घरात कुंग, म्हणजे कोळंबी. जन्मली तेव्हा तशीच वाकडी नि गुलाबी होती म्हणे. कुंग शाळेत असताना गाडीमागे बसून बारा मूल्यं घोकायची आणि पा पिठात केळी बुडवता बुडवता तिच्यामागून म्हणायची. तीच कुंग पुढे शिकून नागरिकशास्त्राची शिक्षिका व्हायला निघाली. सरकारी शाळेत लागायचं तर परीक्षा द्यावी लागते. दोनदा दिली, दोनदा राहिली. तोवर एका खाजगी शिकवणीत राबत होती. तिसऱ्यांदा पा म्हणाली, "या खेपेला झालं तर झालं. नाहीतर माझ्या शेजारी दुसरी कढई लाव. केळी कोणाला नापास करत नाहीत."

बोलायला बोलली, पण देवळात जाऊन लेकीसाठी नवस करून आली. नवस काय, तर पोरगी पास झाली तर महिनाभर कोणावर ओरडणार नाही. भिक्खूंनाही हसू आवरलं नाही.

ओरडणं हा तिचा दुसरा धंदा. सहाच्या गाण्यात जो हलेल त्याची गय नाही. गाणं चालू असताना ती स्वतः हलू शकत नाही, म्हणून नुसती डोळ्यांनी माणूस पकडून ठेवते. मग दुसऱ्या दिवशी तो केळी घ्यायला आला की पुडीच्या तळाशी एक करपलेलं केळं जातं. पुड्या जुन्या वह्यांच्या पानांच्या. घरी जाऊन पुडी उघडली आणि तळाशी काळं केळं निघालं की माणसाला कळतं, पाने आपल्याला पाहिलं.

या शिक्षेचा सगळ्यात मोठा मानकरी साम्रान. तो फित्सनुलोक शहराला जाणारी शेवटची व्हॅन चालवतो, तीही नेमकी सहाला. मागच्या पावसाळ्यात राष्ट्रगीत चालू असताना त्याने गाडी थांब्याबाहेर काढली. दुसऱ्या दिवशी पाने त्याला भर प्रवाशांत धरलं.

"देशाला एक मिनिट देता येत नाही तुला? काय रे, फित्सनुलोक पळून जातंय का?"

"पा, पुढच्या थांब्यावर लोक खोळंबतात हो."

"तेही उभेच असतील. गाणं तिथे लागत नाही का? तिथे काय ब्रह्मदेश सुरू होतो?"

बोलणी इतकी लांबली की व्हॅन त्या दिवशी चांगलीच उशिरा सुटली. तेव्हापासून साम्रान गाणं लागलं की दाराशी उतरून उभा राहतो, हनुवटी वर करून, जरा जास्तच ताठ, पाला दिसेल असा. पण शेवटचा सूर हवेत विरायच्या आत तो आत उडी मारतो आणि निघतो. त्या घाईत त्याने दोन उतारू मागे टाकलेले आहेत. त्यातली एक लामायची नणंद, म्हणून लामाय त्याला काही बोलत नाही.

तर परीक्षेचा आदला दिवस. सकाळी आठला फित्सनुलोकात हजर व्हायचं, म्हणून कुंग संध्याकाळच्या व्हॅनने निघाली. मैत्रिणीकडे रात्री उतरणार होती. व्हॅनला वेळ होता, म्हणून आईच्या गाडीशी उभी राहून तिने परीक्षेचा कागद काढला, ओळखपत्र काढलं, नंबर पुन्हा एकदा जुळवून पाहिले.

"किती वेळा बघशील?" पा म्हणाली. "नंबर काय रात्रीत बदलणार आहेत?"

"मागच्या वेळी एकीला कार्ड नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं, आई."

"मग कार्ड सांभाळ आणि हे गरम खा."

कुंगने केळं खाल्लं, बोटं पुसली, वाकून आईला नमस्कार केला, पिशवी उचलली आणि जाऊन व्हॅनमध्ये मागच्या बाकावर बसली. काचा बंद, थंड हवा सुरू, कानात गाणी ऐकायची ती बोंडं.

पा रोज सहाच्या आधी कढई रिकामी करते. गाण्यात हलायचं नाही म्हटल्यावर तेलात काही ठेवून चालत नाही. त्या दिवशी मात्र तिचं लक्ष व्हॅनच्या मागच्या काचेकडे. घाणा तेलातच होता. तिळाचा डबा उचलला आणि खाली पाहते तर कुंगचं ओळखपत्र, तेलाच्या बोटांचे ठसे नि वर चार तीळ चिकटलेले.

ते हातात घेतलं आणि कर्णा वाजला.

सगळा थांबा जागच्या जागी गोठला. लामाय हार लोंबता धरून उभी. साम्रान दाराशी उभा, इंजिन चालू. आणि पा एका हातात झारा, दुसऱ्या हातात लेकीचं कार्ड घेऊन उभी. मधे अख्खं मैदान. ओरडावं तर तिच्या तोंडून या गाण्यात आजवर हुंकारही निघालेला नव्हता, आणि निघाला असता तरी काचेआड कुंगला ऐकू आला नसता. गाणं संपल्यावर पळावं, तर साम्रानला तिनेच धडा शिकवून तयार केलेला. तो वाट पाहील? गुडघा आणि साम्रान यांच्या शर्यतीत गुडघा कधी जिंकेल?

हातांनी सांगितलं, अर्धी दोरी उरली.

कढईत केळी तपकिरी झाली, मग गडद. दोरी अजून सरकली. पाने फलकाकडे पाहिलं. बारावं मूल्य काजळीखाली होतं, तरी ते तिच्याकडे बघतंय असंच तिला वाटलं. तिने झारा ठेवला. आणि पा चलेम चालायला लागली.

पण सरळ नाही हो! थोरामोठ्यांच्या समोरून जायचं तर कमरेत वाकून, हात अंगाशी घेऊन, पाऊल न वाजवता जावं, हे शाळेत शिकवतात ना, अगदी तशी. जणू त्या मैदानात देशाचे सगळे वाडवडील मांडी घालून बसलेत आणि ही माफी मागत मधून चाललीये. मान कोणाची वळली नाही. डोळे मात्र सगळ्यांचे वळले. लामायचे तर इतके की पुढे दोन दिवस दुखत होते, असं तीच सांगते. साम्रान समोर बघत होता, पण त्याच्या मिशीला हसू आवरेना.

चार हात दोरी. दोन हात. पाने व्हॅनच्या मागच्या काचेवर कार्ड टेकवलं. आत कुंग दचकली, कार्ड पाहिलं, तोंडावर हात ठेवला. शेवटचा सूर आला तेव्हा पा व्हॅनला पाठ लावून सरळ ताठ उभी होती, झेंडा टोकाला पोचल्यासारखी.

मग थांब्यावर जो हशा उसळला!

साम्रानने त्या दिवशी घाई केली नाही. काच उघडून कार्ड आत जाईपर्यंत थांबला. "पा," तो म्हणाला, "फित्सनुलोक पळून जात होतं का हो?"

पाने पहिल्यांदाच डोळे खाली घातले. लोकांनी ही गोष्ट चालण्यापेक्षाही मोठी मानली.

ती परत आली तेव्हा कढईतल्या केळ्यांचा कोळसा झाला होता. लामायने तेवढ्यात आच बंद केली होती. "टाकून देऊ?" तिने विचारलं.

"एक ठेव," पा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साम्रानने वहीच्या पानाची पुडी करून लामायने ठेवलेलं ते करपलेलं केळं पाला दोन्ही हातांनी, वाकून, रीतसर दिलं. सगळा थांबा बघायला जमला होता. पाने ते उभ्याउभ्या पूर्ण खाल्लं. "कडू आहे," म्हणाली. "आजवर कोणी सांगितलं का नाही मला?"

"आमची काय टाप!" साम्रान म्हणाला.

कुंग पास झाली. पाने महिनाभर ओरडायचं नाही हा नवस पाळला, पण डोळे वटारणं त्यात येत नाही, असं तिने आधीच ठरवून टाकलं होतं. कुंगची नेमणूक डोंगराकडच्या एका शाळेत झाली. आता ती रोज सकाळी आठला मैदानात पोरांपुढे उभी असते, आणि झेंडा चढवून झाला की आईला फोन करते.

"उभी राहिली का पोरं नीट?" पा रोज विचारते.

एक दिवस कुंग म्हणाली, "सगळी राहिली. एक चिमुरडी उशिरा आली. गाणं चालू असतानाच मैदानातून चालत गेली आपल्या रांगेत."

"चालत? कशी चालत?"

"वाकून, आई. पार वाकून."

पाने कढईतलं केळं उलटं केलं. तेल जरा चुरचुरलं.

"दोरी किती उरली होती?"

"हातभर असेल. पोचली ती वेळेत."

"मग तिला काही बोलू नकोस," पा म्हणाली. "घरून खाऊन आली होती का, तेवढं विचार."