प्योच्या फितीवरची दारं

भाताच्या कुकरमधून वाफ यायला लागली की क्वाक मालसुन फोन हातात घ्यायची. आधी एक पूर्ण नंबर दाबायची, मग त्याच नंबरचे शेवटचे चार आकडे. पडद्यावर एक खोली उघडायची. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीत एक म्हातारा, गुडघ्यांवर तपकिरी घोंगडी. मालसुन त्याच्याकडे तीन श्वासांपुरती पाहायची आणि फोन पालथा ठेवायची.

"अजून उघडंच," ती म्हणायची. मग जेवायला बसायची. वर्षभर हे एकही दिवस चुकलं नाही.

तो नंबर तिने कुठून चोरलेला नव्हता. प्यो सांगचलच्या पांढऱ्या गाडीवर तो हातभर उंच आकड्यांत रंगवलेला होता. त्याच्यावर लिहिलं होतं, 'घर सुरक्षित, मन निश्चिंत.' आमच्या पाच इमारतींतले बहुतेक कॅमेरे प्योने बसवलेले. खुर्चीतला म्हातारा प्योचा बाप.

मालसुन गुन्सान शहराच्या बंदराजवळच्या हमामात बायकांची अंगं घासायची. हिरवा खरखरीत हातमोजा घालून तिने चौतीस वर्षांत किती पाठी घासल्या असतील, कोण जाणे. कुणाच्या पाठीवर कसला व्रण आहे, हे तिला माहीत असायचं आणि ते तिच्या तोंडून कधीही बाहेर पडलं नाही. हमामातल्या बायका म्हणायच्या, "मालसुनच्या हाती अंग द्यावं आणि डोळे मिटावेत." तिचं लग्न मोडलं होतं. घरी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई होती, ओकदान. तिला माणसं ओळखू यायची नाहीत. एकच माणूस आठवायचा, तिचा मुलगा. तो मासेमारीच्या बोटीवर गेला तो परतलाच नाही, त्याला पस्तीस वर्षं झाली होती. त्याचा जाड निळा कोट ओकदानने कपाटात ठेवला होता. दिवसभर ती भिंतीशी बोलायची. "आला की कोट दे गं त्याला. खाली गारठा असतो."

दिवसा आईवर लक्ष राहावं म्हणून मालसुनने बैठकीत कॅमेरा लावून घेतला. प्योने तो अर्ध्या तासात बसवला.

"नाव म्हणून तुमचा फोन नंबर, आणि किल्ली म्हणून त्याचे शेवटचे चार आकडे," तो म्हणाला. "सगळ्यांना असंच करून देतो, ताई. लक्षात ठेवायची कटकट नाही."

मालसुनलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे बेकरीत, दवाखान्यात, चपला दुरुस्त करणाऱ्याकडे, सगळीकडे माणूस शेवटचे चार आकडे सांगूनच ओळख देतो. आणि पूर्ण नंबर? तो आम्ही गाडीच्या पुढच्या काचेमागे छापूनच ठेवतो. गाडी कुणाला आडवी आली तर त्याने फोन करावा म्हणून. मालसुनची छोटी हिरवी गाडी सहा वर्षं इमारतीखाली तो नंबर दाखवत उभी होती. तिच्या बैठकीची किल्ली येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही वाचता येत होती.

जानेवारीतल्या एका दुपारी मालसुन हमामात असताना त्या कॅमेऱ्यातून एका पुरुषाचा आवाज आला. किती दिवस तो ऐकत बसला होता, कळलं नाही. "आई, मी आलोय," तो म्हणाला. "खाली फार थंडी आहे. माझा कोट घेऊन ये ना." मागे आणखी कुणीतरी हसत होतं. ओकदान कोट घेऊन खाली गेली. कचरा वेगळा करायच्या शेडपाशी बर्फावरून घसरली. सापडली तेव्हा खुब्याचं हाड मोडलेलं होतं आणि कोट छातीशी धरलेला होता. त्यानंतर ती एकेचाळीस दिवस जगली, आणि मुलगा कोट न घालताच परत गेला म्हणून एकेचाळीस दिवस रडली.

आवाज कॅमेऱ्याच्या कार्डात होता. पोलिसांनी तो ऐकला, माग काढला, माग समुद्रापलीकडच्या भाड्याच्या कुठल्याशा संगणकापाशी संपला. माणूस सापडला नाही.

अंत्यविधीच्या ठिकाणी प्यो आला नाही. त्याने पांढऱ्या शेवंतीचं उंच फुलचक्र पाठवलं. त्याच्या रुंद फितीवर दुकानाचं नाव छापलेलं होतं, खाली तेच ब्रीद. घर सुरक्षित, मन निश्चिंत. मालसुनने कात्री मागून घेतली, फीत कापली, घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली. तिला रडताना त्या दिवशी कुणी पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी ती प्योच्या दुकानात गेली.

"आकडे सोपे ठेवले ते तुमच्याच सोयीसाठी, ताई," प्यो म्हणाला. "नंतर बदलून घ्या, असं पुस्तिकेत छापलेलं असतं."

"कितव्या पानावर?"

"असेल की शेवटाकडे कुठेतरी."

"तू वाचलीस?"

प्यो हसला. "ताई, पुस्तिका कोण वाचतं?"

मालसुन घरी आली आणि आईच्या फोटोपुढे बसून म्हणाली, "हा माणूस हसला." एवढंच. तिला काय हवं होतं, ते तिने हमामातल्या बायकांपासूनही लपवलं नाही. प्योने माझ्या आईपुढे डोकं टेकवावं, नाहीतर त्याच्या बापाला मी तसंच जिना उतरायला लावीन.

वॉर्डच्या केंद्रात म्हाताऱ्यांसाठी फोन शिकवायचा वर्ग होता. मालसुन तिथे पहिल्या बाकावर बसू लागली. पुस्तिका तिने सगळी वाचली, दोनदा. मग ती एकेक दार वाजवत निघाली. दार उघडलं की ती त्या घरच्या, खाली उभ्या असलेल्या गाडीच्या काचेमागचा फोन नंबर घडाघडा म्हणायची, फोनवर दाबायची आणि त्या बाईला तिचीच बैठक दाखवायची. बाई किंचाळायची. मग मालसुन चपला काढून आत जायची.

"फोन नंबर नको, वाढदिवस नको, घराचा नंबर नको," ती सांगायची. "एक अख्खं वाक्य टाक. तुझ्याशिवाय कुणाला सुचणार नाही असं."

"'नवरा घोरतो' चालेल?" चौथ्या मजल्यावरच्या हो बाईंनी विचारलं.

"ते अख्ख्या इमारतीला माहीत आहे. लांबव."

"'नवरा घोरतो तेव्हा मी मुळ्याची किमची खाते'?"

"आता कसं. आणि हेच वाक्य इंटरनेटच्या डबीला लावू नकोस, तिला दुसरं. नवीन सुधारणा आली असं फोन म्हणाला की पुढे ढकलू नकोस, घे. दुसरीकडून कुणी उघडू पाहिलं तर आधी तुझ्या फोनवर विचारणा यायला हवी, तेही चालू करते. घरात माणूस असेल तेव्हा कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे."

"इतकं सगळं?"

"माझ्या आईला चार आकडे पुरले."

काम झालं की ती फीत काढायची आणि मागच्या पांढऱ्या बाजूवर घराचा नंबर लिहायची. वर्षभरात अडतीस घरं झाली. बाकीची हसून दार लावायची. "मालसुन मावशीचं डोकं फिरलंय," लोक म्हणायचे. प्योही म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या घराची किल्ली मात्र तीच होती. मालसुन रोज सकाळी बघायची.

आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी तिने सकाळीच ताटं मांडली. नासपती, सुका मासा, भात. निळा कोट फोटोशेजारी ठेवला. मग फोन उघडला. म्हातारा खुर्चीत होता. या वेळी तिने फोन पालथा ठेवला नाही. बोलायचं बटण दाबलं.

म्हाताऱ्याने मान वर केली. वाक्य वर्षभर तयार होतं. अप्पा, मी खाली आहे. ते तिच्या तोंडून बाहेर पडण्याआधीच म्हातारा घोंगडी बाजूला सारून उठायला लागला होता.

"बसा," मालसुन म्हणाली. "उठू नका. खुर्चीतच बसा आणि मुलाला फोन करा. सांगा, भिंतीतून एक बाई बोलतेय, ओकदानची मुलगी."

अकरा मिनिटांत प्यो पोचला. त्याने दुकान उघडंच टाकलं होतं. एक बूट पायात होता, दुसरा कुठे पडला त्याला माहीत नव्हतं. त्याने आधी बापाला धरलं, मग खिडक्या पाहिल्या, मग पलंगाखाली वाकून पाहिलं. मालसुन सगळं पाहत होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला तेव्हा तिने समाधानाने एक नासपती सोलायला घेतली.

"चार आकडे, प्यो मालक," ती म्हणाली. "चारच."

प्यो त्या खोलीच्या मधोमध मटकन खाली बसला.

दुसऱ्या दिवशी तो आला. मालसुनने त्याला आत घेतलं, फोटोपुढे डोकं टेकवू दिलं, एकदा नाही, दोनदा. तिला वाटलं होतं पुरेसं होईल. झालं नाही.

"उठ," ती म्हणाली. "तुझी एकशे सात घरं राहिलीत. आता आपण दोघं जायचं. दार उघडलं की बोलायचं तू."

"काय बोलू, ताई?"

"माझ्या आळसाने एक म्हातारी गेली. एवढंच. आवाज मोठा."

"माझं दुकान बंद पडेल."

"हो."

आणि तो बोलला. प्रत्येक दारात. मालसुन दोन पावलं मागे उभी राहायची, हाताची घडी घालून. त्याचा आवाज बारीक झाला की ती म्हणायची, "आजोबांना कमी ऐकू येतं, परत सांग." आजोबांना नीट ऐकू येत असायचं. मग प्यो गुडघ्यावर बसून प्रत्येकाकडून नवं वाक्य टाकून घ्यायचा आणि ती फितीवर घर लिहायची. तिने त्याला कुठेही पाणी मागू दिलं नाही. त्याच्या नव्या बुटांची चरचर जिन्यात ऐकू आली की आम्ही समजायचो, आलं ते दोघं. गाडीवरचं ब्रीद त्याने उन्हाळ्यात रंग लावून पुसलं. बापाच्या खोलीची किल्ली तर त्याने त्याच दिवशी बदलली होती. तरी मालसुन रोज सकाळी ते चार आकडे दाबायची. पडदा नाही म्हणायचा. मग ती जेवायची.

"अजून राग गेला नाही का गं?" हमामात एकीने विचारलं.

"जायला तो काय भाड्याने राहतोय?" मालसुन म्हणाली आणि तिची पाठ घासत राहिली.

शेवटी फितीवर एकाच घरापुरती जागा उरली. सहाव्या मजल्यावरचे नाम गुरुजी मुलीकडे गेले होते, शुक्रवारी यायचे होते. बुधवारी दोघं लिफ्टपाशी वेगळे झाले. गुरुवारी दुपारी हमामातल्या विश्रांतीच्या खोलीत, गरम जमिनीवर आडवी झालेली मालसुन उठली नाही. हिरवा हातमोजा तिच्या हातातच होता.

शुक्रवारी दहा वाजता नाम गुरुजींचं दार वाजलं. प्यो एकटाच होता. मागे कुणी नसताना त्याने ते वाक्य म्हटलं, मोठ्याने, आणि गुरुजींनी नंतर आम्हाला सांगितलं की त्याच्या येण्याचा आवाज जिन्यात झालाच नाही. त्याने जुने कापडी जोडे घातले होते. फीत त्याने हमामातल्या बायकांकडून मागून घेतली आणि शेवटचं घर स्वतःच्या हाताने लिहिलं. आता ती ओकदानच्या कोटाच्या खिशात आहे.

बुधवारी लिफ्टचं दार बंद होता होता मालसुन त्याला म्हणाली होती, "शुक्रवारी दहाला ये. आणि ते बूट बदल, चरचर वाजतात."